माझ्या नायकाला काहीच नको आहे

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार (खोलीभर चित्रं वाळत पडली आहेत, म्हणून तूर्त मानेपुरताच). तुझी कंबर काय म्हणते? भाऊजींचा खोकला? मी ठणठणीत आहे. तू पाहिलेल्या मुलीबद्दल रविवारपर्यंत हो की नाही ते कळवायचं आहे, हे विसरलेलो नाही. पण मध्यंतरी माझ्या नायकाच्या जिवावर बेतलं होतं, आणि त्याच्या जिवावर माझं पोट.

तुला ठाऊकच आहे, साप्ताहिकात माझी साहसी मांगा (जपानी धाटणीची चित्रकथा) येते. गेल्या महिन्यात संपादकांनी बोलावून (चहा न विचारता, म्हणजे प्रकरण गंभीर) विचारलं, याला नेमकं हवंय काय? मी म्हटलं, राजकन्येला मुकुट हवाय, गुरूला सूड हवाय, खलाशाला घर गाठायचंय. ते म्हणाले, मी नायकाचं विचारतोय. मी जुने अंक चाळले. बिचाऱ्याने आजवर एकदाही काही मागितलेलं नाही. दर भागात कोणीतरी त्याची कॉलर धरतं आणि नेतं. लढ म्हटलं की लढतो, थांब म्हटलं की जेवायला बसतो. पुढच्या भागात त्याला स्वतःचं काहीतरी हवं असलं पाहिजे, नाहीतर गाशा गुंडाळा, असा हुकूम झाला.

खजिना देऊन पाहिला, तर तो ठेवायचा कुठे या काळजीने तो वाळला. सिंहासन दिलं, तर उठून एका म्हातारीला जागा दिली (तू मला लावलेलं वळण त्यालाही बाधलं). शेवटी त्याला एकटाच डोंगराकडे निघालेला दाखवला. कशाला, ते मलाही माहीत नव्हतं. पान शेजारच्या टेबलावर शाईवालीकडे दिलं. माझ्या पेन्सिलीवर शाई चढवण्यात तिची कित्येक वर्षं गेली आहेत, त्यामुळे तिने हाताच्या सवयीने त्याची कॉलर पुढे ताणलेलीच काढली. ओढणारा कोणी नाही आणि कॉलर ताठ. तसंच छापून गेलं. वाचक विचारू लागले, हा अदृश्य ओढणारा कोण? संपादकांनी चहा मागवला (बिस्किटांसह) आणि अदृश्य खलनायकावर वर्षभर काढा म्हणाले.

मी हो म्हणालो. हो म्हणण्यात माझा हात कोण धरेल? पण शाईवाली तडकली. खलनायक-बिलनायक काही नाही, ती माझी चूक होती, म्हणाली. मग माझ्याकडे वळली.

"त्याला काय हवंय ते तुम्हाला कळत नाही. निदान तुम्हाला काय हवंय?"

मी म्हटलं, ताईला विचारून सांगतो.

ती हसली नाही. ब्रश धुतला, पुसला, आणि दुसऱ्या मासिकाचं बोलावणं आलंय, सोमवारपासून तिकडे जाते, एवढंच म्हणाली. ताई, तेव्हापासून घास गोड लागत नाही. तिची खुर्ची रिकामी होणार या विचाराने कालचं अख्खं पान मी समुद्र काढण्यात घालवलं. गोष्ट डोंगरातली आहे.

भाऊजींना नमस्कार, भाच्यांना पापा.

तुझा धाकटा

ता. क. : त्या मुलीकडे नकार कळव. चांगलीच असेल ती. पण मला शाईवाली हवी आहे. हे मी विचारत नाहीये, सांगतोय.

आणखी एक ता. क. : पाकीट चिकटवून थेट तिच्याकडे गेलो होतो. अर्धा जिना चढलो, उतरलो, आणि पाकीट पुन्हा उघडून हे लिहितोय. रविवारी तूच ये आणि तिच्याशी बोल. मी तुझ्या मागेच उभा असेन.