कॉस्मेला लिहून दिलेला आवाज

मी, दत्ताराम विष्णू मेस्त्री, वय सदुसष्ट, धंदा लाउडस्पीकर भाड्याने देणे, राहणार कट्टा, तालुका मालवण, जिल्हा सिंधुदुर्ग, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. मला कोणी धाक घातलेला नाही, गोड बोलून भरीसही पाडलेले नाही. वकीलसाहेब म्हणाले, मालमत्तेपुरतेच लिहा. तेवढेच लिहितो आहे. पण त्यातली एक वस्तू अशी आहे, की ती कशी झाली हे सांगितल्याशिवाय देता येत नाही.

१. राहते घर, मागची माडांची जागा आणि बँकेतील ठेव माझी पत्नी सुगंधा हिला. तिच्या पश्चात मुलगी दीपिका हिला. सुगंधाने या घरात बेचाळीस वर्षे जो आवाज सोसला, त्याची भरपाई यात होत नाही, हे मला मान्य आहे.

२. धंद्याचे सर्व सामान, म्हणजे स्पीकरच्या पेट्या, कर्णे, अ‍ॅम्प्लिफायर, वायरी आणि टेम्पो, लवू परब याला. सव्वीस वर्षे तो माझ्याबरोबर जत्रांमध्ये खांबांवर चढला. चुलतभाऊ गुरुदास याने कुणकेश्वरच्या यात्रेला नेलेले दोन कर्णे अजून परत केलेले नाहीत. ते त्यालाच दिले, असे समजावे. म्हणजे तो चोर ठरणार नाही.

३. ‘कोल्ड फर्नेस’ या अमेरिकन बँडच्या सर्व कॅसेटी, सीडी आणि मी लिहिलेल्या सात वह्या सिल्व्हिया लोबो हिला. ती माझा मित्र कॉस्मे ब्रिटो याची मुलगी. वह्यांबद्दल सांगणे भाग आहे.

कॉस्मे जहाजावर इंजिनरूममध्ये होता. चौऱ्याऐंशी साली बाल्टिमोर बंदरातून त्याने त्यांची पहिली कॅसेट आणली. पोलादाच्या गावातली चार पोरे, केस खांद्यापर्यंत. मी तोवर भजने, दशावतार आणि लग्नाची गाणीच वाजवली होती. दुकानात मोठ्या पेटीवर ती कॅसेट लावली, तर एसटीची वाट बघणारी माणसे थांबा सोडून पलीकडे गेली. आम्ही दोघे तसेच उभे. कॉस्मे म्हणाला, ‘‘दत्तू, माझा इंजीन असाच बोलता रे.’’ त्यानंतर तो सुट्टीवर आला, की आधी माझ्याकडे येई आणि मग घरी जाई.

त्र्याण्णवमध्ये त्यांचा पहिला गायक भांडून निघून गेला. नवा आला. गाणी संथ झाली. मी त्या माणसाला ऐकायचे नाही असे ठरवले. कॉस्मेचे म्हणणे, माणसे बदलली तरी बँड तोच. यावरून दहा वर्षे वाद घालण्यात आमची मजाच होती.

दोन हजार तीनमध्ये सिल्व्हियाचे लग्न ठरले. आदल्या दिवशी अंगणात मुलीला रोस, म्हणजे हळदीसारखा नारळाचा रस, लावायचा कार्यक्रम होता. पेट्या माझ्याच होत्या. कॉस्मे नव्या गायकाची सीडी घेऊन आला. ‘‘ह्या एक गाणा लाव. माझ्या चेडवासाठी.’’ मी लावले नाही. त्याने स्वतः लावले, तर मी सगळ्या पाहुण्यांसमोर वायर उपटली आणि म्हणालो, ‘‘ह्या माझ्या पेटयेर वाजूचा नाय.’’ मुलीच्या अंगावर नारळाचा रस तसाच ओघळत होता. कॉस्मेने सीडी काढून घेतली आणि तो आत गेला. पुढे अकरा वर्षे माझ्याशी बोलला नाही. मीही गेलो नाही.

दोन हजार चौदामध्ये पहिला गायक बँडमध्ये परत आला. नवी सीडी आली. ती घेऊन मी कॉस्मेच्या दारात गेलो. तो व्हरांड्यात बसला होता. मी हाक मारली, त्याने मान वळवली नाही. पुढ्यात जाऊन उभा राहिलो तेव्हा हसला. ‘‘दत्तू, माका आता कायएक आयकाक येणा नाय.’’

इंजिनरूमने कान नेले होते. कानाच्या मशीनचाही उपयोग नव्हता. मी सिल्व्हियाला विचारले, ‘‘माका कोणी कसा सांगूक नाय?’’

‘‘काका, तुमी बोलत खंय होतास?’’ ती म्हणाली.

कॉस्मेने तिच्या मुलाची वही ओढली आणि माझ्यापुढे टाकली. ‘‘कसा वाजता तां लिव.’’

मग मी लिहू लागलो. दर रविवारी एक गाणे. ‘‘सुरवातीक एकटीच गिटार, रिकाम्या कळशेत थेंब पडतत तशी. मगे ढोल येता. सुरुंगासारखो, आधी छातीक लागता, मगे कानाक. दोन गिटारी दशावतारातल्या दोन राजांसारख्यो एकमेकीभोवती फिरतत आणि कोण हराक तयार नाय.’’ तो वाचायचा, बोटाने मांडीवर ठेका धरायचा, चुकला ठेका तर मी त्याचे बोट धरून बरोबर करायचो.

त्याला बँडचे सगळेच लिहून हवे होते. नव्या गायकाचेही. म्हणून ते मला ऐकावे लागले. लग्नाच्या अंगणातले ते गाणेही ऐकले. मुलगी घर सोडून जाते आणि बाप दाराची कडी दुरुस्त करत बसतो, असे ते गाणे आहे. चांगले आहे. फार चांगले आहे. ते लिहायला मला तीन रविवार लागले.

एकवीस साली त्यांची शेवटची सीडी आली, तेव्हा कॉस्मे अंथरुणाला खिळला होता. पहिल्या गायकाचा आवाज गेला होता. वरचा सूर लागत नव्हता, खालचा फाटत होता. कॉस्मेने विचारले, ‘‘आवाज कसो आसा तेचो?’’ मी लिहिले, ‘‘चौऱ्याऐंशी सालासारखोच.’’ दहाही गाणी मी तशीच लिहिली. आयुष्यात त्याच्याशी मी तेवढेच खोटे बोललो.

ऑगस्ट बावीसमध्ये तो गेला. दफन झाल्यावर सिल्व्हियाने वह्या माझ्या हातात ठेवल्या. शेवटच्या वहीत, माझ्या ओळींखाली, त्याच्या पेन्सिलीने लिहिले होते: ‘‘दत्तू खोटा लिवता. मी व्हिडिओत बघलंय. वरचो सूर इलो की तो माईक लोकांकडे करता. पण लिवूंदे तेका.’’

सिल्व्हियाने या वह्या ठेवाव्यात किंवा जाळाव्यात. तिच्या त्या रोसाच्या दिवसाची माफी मी तोंडाने मागू शकलो नाही, ती इथे मागतो.

४. माझ्या दिवसकार्याला लाउडस्पीकर लावू नये.

५. गेल्या नोव्हेंबरात बँडने शेवटचा कार्यक्रम करून काम थांबवले. तो कार्यक्रम मी दुकानात बसून मोबाईलवर शेवटपर्यंत पाहिला. आवाज बंद ठेवून पाहिला.

वरील मजकूर मी वाचून, समजून, दोन्ही साक्षीदारांच्या देखत सही केली आहे. त्यांनीही माझ्या देखत सही केली.

स्थळ: कट्टा. दिनांक: ११ जानेवारी २०२६

सही: दत्ताराम विष्णू मेस्त्री

साक्षीदार:
१) सुदेश अनंत गावडे, पोस्टमन (निवृत्त), कट्टा
२) तुळसा महादेव पेडणेकर, शिक्षिका, कट्टा