चार इंच उंच

७ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी सात.
नवी वही. आधी सगळ्यांची विचारपूस. मुलगा: बराच असणार, बरा नसता तर फोन आला असता. सूनबाई: खोकला गेला असावा. नातू: पुढचा दात पडला होता, एव्हाना नवा आला असेल. अक्का: गुडघे सोडून ठणठणीत, तोंड तर फारच. मी: उत्तम. पिकअप: वय बावीस, इंजिन खणखणीत, पण मागून पार बसलीय. खड्डा आला की कण्हते. माझ्या खुर्च्या भाड्याने देण्याच्या धंद्यात तिने एकेका खेपेला ऐंशी खुर्च्या वाहिल्या. आता मला वाहते.
संकल्प: गाडी उंच करायची. मुलगा फोनवर म्हणाला, बाबा, मार्चमध्ये जमलं तर वरच्या तळ्यावर जाऊ. त्या वाटेवर नुसते धोंडे. ‘जमलं तर’ हे आपलं बोलायची पद्धत. येणारच आहे.

९ फेब्रुवारी, बुधवार.
बुधवार नेहमीसारखा वाया. अक्काला गुडघ्यांच्या व्यायामाला नेणे, तासभर बाहेर थांबणे, मग गाडीतच थर्मासमधला चहा, मग घरी. वाटेत अक्काची तीच ती गोष्ट: लहानपणी मी तिची चप्पल विहिरीत टाकली. टाकली नव्हती, पडली होती. हे मी दर बुधवारी सांगतो, ती दर बुधवारी मानत नाही. पण थोरली बहीण. तिला माझ्याशिवाय आहे कोण? म्हणून करतो.
गाडीचा बेत सांगितला. म्हणाली, धाकट्या, आधी स्वतःला सर्व्हिसिंगला टाक.

१२ फेब्रुवारी, शनिवार.
मिस्त्रीकडे. गाडीखाली शिरला, बाहेर आला. म्हणाला, काका, स्प्रिंगचे पाटे थकलेत, रबरी बुश गेलेत, शॉकअप तेल गाळतायत. मागे एकेक पाटा वाढवू, बुश-शॉकअप नवे टाकू, इंचभर उचलेल, मस्त चालेल. मी म्हणालो, चार इंच. तो बराच वेळ पाना पुसत राहिला. मग विचारलं, गाडीत बसतं कोण? मुलगा, सून, नातू, मी सांगितलं. तो म्हणाला, तसं नाही काका, दर आठवड्याला कोण बसतं?
भलतेच प्रश्न. मिस्त्रीने गाडीखाली बघावं, वर बघू नये.

१५ फेब्रुवारी, मंगळवार.
तीन दिवस व्हिडिओ पाहिले. आता या विषयात माझा हात धरणारा कोणी नाही. पाट्यांखाली लोखंडी ठोकळे: नको, जुगाड. एक जास्तीचा पाटा: मिस्त्रीछाप विचार. पूर्ण किट, कडक पाटे, लांब शॉकअप, मोठे टायर: हेच. सुट्या भागांच्या दुकानदाराला फोन केला. तो मला सर म्हणाला. दोनदा. जन्मभर लोक मला ‘ओ खुर्चीवाले’ म्हणत आले. किट त्याच्याकडूनच घेणार.

१६ फेब्रुवारी, बुधवार.
अक्का. व्यायाम. चहा. चप्पल.

२१ फेब्रुवारी, सोमवार.
टेप घेऊन सगळं मोजलं. चाकाची कमान, बंपर, तळ्याच्या वाटेवरचे धोंडे (आठवणीने). काहीएक सुटलेलं नाही.

२३ फेब्रुवारी, बुधवार.
अक्काला सर्दी. व्यायाम रद्द. बरं झालं, कामं होती. कुठली ते आठवत नाही.

२५ फेब्रुवारी, शुक्रवार. संध्याकाळी पाच.
झाली! मिस्त्रीने किट बसवलं. काय दिसते! शेजारचा इस्त्रीवाला म्हणाला, काका, विमान आणलंत की काय. वर चढताना दाराचा दांडा धरून दोन झोके घ्यावे लागतात, तेवढाच व्यायाम. चालवताना थोडी उडवते. कडकपणा आहे, दोष नव्हे. घरच्या शेडचा पत्रा जरा वाकला, पण तो मुळातच खाली बसवला होता. गाडी आता बाहेर उभी राहील. हवा लागेल.

२ मार्च, बुधवार.
अक्काच्या दारात हॉर्न दिला. बाहेर आली, खालून वर पाहिलं. म्हणाली, ही गाडी आहे की माळा? मी स्टूल ठेवलं. एक पाय स्टुलावर, एक हात दांड्याला, दुसरा पाय वर जाईना. मी मागून जोर लावला. आमचा इस्त्रीवाला त्या गल्लीत कपडे द्यायला आला होता, तो धावत आला, त्यानेही लावला. अक्का ओरडली, अरे मी काय पोतं आहे का! मग हसायला लागली, मग गुडघा धरून स्टुलावरच बसली. डोळ्यांत पाणी होतं. हसण्याचंच असावं.
तिच्या शेजारच्या शिंपीणबाई त्यांची छोटी गाडी काढून आल्या. अक्का त्यात भांड्यात भांडं बसावं तशी बसली.
मी पिकअप घेऊन मागोमाग गेलो. सुरक्षेसाठी. पुढे दोघी सारख्या हसत होत्या. माझ्याबद्दल नसणार.

६ मार्च, रविवार.
मुलाचा व्हिडिओ कॉल. गाडी सगळीकडून फिरून दाखवली. छान आहे, म्हणाला. रजा मंजूर झाली नाही, पुढच्या वर्षी नक्की. आणि बाबा, म्हणाला, वरच्या तळ्यापर्यंत केव्हाच डांबरी रस्ता झालाय, आता बसपण जाते, तुम्हाला माहीत नाही?
माहीत होतं, म्हणालो.
नातवाला दात आलाय. वाकडा आहे, पण छान.

९ मार्च, बुधवार.
वेल्डरकडून लोखंडी पायरी करून लावली. अक्काला दाखवायला गेलो. कौतुक केलं. म्हणाली, पण असू दे रे, शिंपीणबाईंकडे खाली बसता येतं, आणि तुझाही बुधवार मोकळा झाला, किती वर्षं कुरकुरत होतास.
कधी कुरकुरलो? उगाच काहीतरी.

१६ मार्च, बुधवार. नऊ वाजता.
सवयीने गाडी सुरू केली. बॅटरीसाठी चांगलं असतं. पंधरा मिनिटं चालू ठेवली. थर्मास सवयीने दोघांचा भरला. दोन्ही कप मीच प्यालो.

१८ मार्च, शुक्रवार.
मिस्त्रीकडे. खाली करून दे, म्हणालो. हसेल वाटलं होतं, हसला नाही. म्हणाला, जुने पाटे भंगारात गेले, दुसरे बघतो, महिना लागेल. खुर्ची पुढे केली, बसा काका. जेवायची वेळ होईपर्यंत बसलो.

२३ मार्च, बुधवार.
अक्का फोन कपाटात ठेवते, म्हणून चिठ्ठी. आधी इथे लिहून पाहतो.
अक्का, गाडी पुन्हा बुटकी करतोय. माझ्यासाठी नाही, गाडीच्याच तब्येतीसाठी. महिना लागेल. तोवर एक विचारायचं होतं. त्या दिवशी मागून येताना बघितलं, तुमच्या गाडीत मागची सीट रिकामी असते. मी तिथे मावतो. चहा मी आणीन, तिघांचा. चप्पल मीच टाकली होती असं शिंपीणबाईंसमोर कबूल करायलाही तयार आहे. गाडी माझ्या घरावरूनच जाते, मी कोपऱ्यावर उभा राहीन, नुसता वेग कमी केलात तरी चालेल.
पुढच्या बुधवारच्या आत उत्तर लिही. दोन ओळी पुरे. एकसुद्धा.