फेझच्या गल्लीत बाबा मागे चालतात

आई, बाबा आता मागे चालतात. हे वाचून तू आधी हसली असतीस आणि मग विचारलं असतंस, कुणाच्या? काकूंच्या. तू गेल्यावर ते कितीतरी वर्षं एकटे राहिले आणि गेल्या वर्षी आपल्याच गावातल्या, एडिसनमधल्या या काकूंशी त्यांनी लग्न केलं. यंदा दोघं मोरोक्कोतलं फेझ बघायला निघाले आणि मलाही ओढून घेऊन गेले.

ओक ट्री रोडवरच्या देशी दुकानांतले शनिवार आठवतात तुला? बाबा पुढे, रिकामे हात हलवत. तू मागे, दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या. मी मधे, कुणाजवळ जावं ते न कळून. "अहो, थांबा ना जरा," तू म्हणायचीस, तोवर ते गाडीत बसून मोकळे. तू धापा टाकत पोचलीस की नुसतं "चल". तू कधी चिडली नाहीस. मी मात्र अजून चिडते.

फेझच्या जुन्या शहरात गाड्या जातच नाहीत, गल्ल्याच तेवढ्या अरुंद. काकू पुढे, पितळी दिव्यांच्या दुकानांपाशी रेंगाळताहेत. मागे बाबा, खांद्याला काकूंची पर्स, हातात त्यांच्या खरेदीची पिशवी. "टेक युअर टाइम, तुमचे गुडघे सांभाळा," म्हणतात. तुमचे! माझा नुसता जळफळाट होत होता. गाइड बिचारा जुन्या मदरशाचं कोरीवकाम जीव तोडून समजावत होता आणि मी सगळ्यांच्या मागे उभी राहून ती पर्स बघत होते. ते सगळं तुझं होतं, आई. तुला मिळायला हवं होतं.

चामडं कमावण्याच्या कुंडांकडे जाताना मागून कातड्यांनी लादलेलं खेचर आलं. माझं लक्षच नव्हतं. "अगं, साइडला हो!" काकू गुडघे विसरून धावत आल्या आणि हाताला धरून त्यांनी मला भिंतीशी ओढलं. खेचर घासून गेलं. "कुठे लागलं नाही ना? आता माझ्याबरोबर चल, एकटी मागे राहू नकोस."

इतके दिवस मला वाटत होतं, मी तुझ्या वतीने जळतेय. पण त्यांची पिशवी बाबांकडे होती, म्हणून मला धरायला काकूंचा हात रिकामा होता. तुझा कधीच नसायचा.

तो हात मी हॉटेलपर्यंत सोडला नाही. हे तुला कळू नये असं वाटतं, म्हणून बरं आहे की हे पत्र कुठेच जाणार नाही.