शिशाच्या तारेची पाच रिळे

मी, खाली अंगठा उठवणारा, वय एकाहत्तर, धंदा टीव्ही-रेडिओ दुरुस्ती, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दडपणाशिवाय सांगत आहे. लिहून घेत आहेत शेजारचे शिंपीकाका, कारण माझी मनगटे आता लोंबतात. डोके ठिकाणावर असल्याचा दाखला डॉक्टरीणबाईंनी दिला आहे. धाकट्या भावाला तो पटणार नाही. त्याला माझे काहीच पटत नाही.

कलम एक. राहते घर बायकोला. ते कशावर उभे राहिले हेही लिहून ठेवा. जोड डागायच्या सोल्डरच्या तारेत शिसे नको असा नियम आला, तेव्हा मी भर बाजारात ओरडलो की आता वस्तू टिकणार नाहीत. बिनशिशाचा जोड कडक असतो. वस्तू पडली, सारखी तापली-निवली, की त्याला तडा जातो. कधी त्यातल्या कथलाला केसासारख्या मिशा फुटतात आणि शेजारच्या जोडाला भिडतात. झालेही तसेच. नवेकोरे टीव्ही तीन वर्षांत माझ्या दारात आले. ज्या नियमाला मी उठता-बसता शिव्या घातल्या, त्यानेच आमचा वरचा मजला बांधला.

कलम दोन. दुकान, दोन्ही टेबले आणि धूर ओढणारा पंखा (मी कधीच न लावलेला) मुलीला. तिचा हात माझ्यापेक्षा साफ आहे. भिंगाचा दिवा जावईबापूंना, कारण त्यांना समोरचे काम दिसत नाही.

कलम तीन. धाकट्याविषयी. नियम आला त्या साली तो नव्या तारेचे रीळ घेऊन दुकानात आला. म्हणाला, "दादा, शिसं पोटात जातं. आणि दोष तारेचा नाही, आपल्या घाईचा आहे. नीट तापव, जोड टिकेल." मी म्हणालो, "काल डागायची गन धरायला शिकलास, आज मला शिकवतोस?" तो गेला. एकोणीस वर्षे आमचे बोलणे नाही. मी मात्र बाजारातली होती-नव्हती ती शिशाची तार भरून ठेवली.

आमच्या कामात दोन हात पुरत नाहीत. एकात गन, दुसऱ्यात चिमटा, म्हणून तार दातांत. पन्नास वर्षे मी ती दातांत धरली. रक्त तपासून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काका, तुम्ही शिसं खात होतात का?" मी म्हणालो, "नाही, चघळत होतो." मूत्रपिंडांनीही आता मान टाकली आहे.

तरी धाकट्याला माझ्या मृत्यूनंतर एवढेच द्यावे: "तू बरोबर होतास." जिवंतपणी हे माझ्या तोंडून निघणार नाही.

कलम चार. उरलेली पाच रिळे लोखंडी पेटीत आहेत. माझ्या मृत्यूनंतर ती धाकट्याने न्यावीत आणि त्यांची नीट विल्हेवाट लावावी.

इथे शिंपीकाकांनी लेखणी खाली ठेवली आणि दारातून दुकानात बोट दाखवले. "पेटी तर आत्ताच उघडी आहे." टेबलाशी मुलगी वाकली होती. सातवा महिना चालू आहे तिला. तार दातांत.

मी ओरडलो, "अगं, काढ ती तोंडातून!"

"मग धरू कशात, बाबा? तुम्हीच तर शिकवलंत."

मला भीती वाटली. रक्ताचा कागद वाचतानाही एवढी वाटली नव्हती.

सबब कलम तीनमधले देणे व कलम चार रद्द. माझ्या मरणाची वाट पाहायला त्या बाळाला सवड नाही. शिंपीकाकांनी फोन लावून माझ्या कानाशी धरला.

"तू बरोबर होतास," मी म्हणालो. "ये आणि पेटी घेऊन जा."

"दादा? कोण गेलं?"

"अजून कोणी नाही."

तो तासाभरात आला. येताना तार धरायचा स्टँड घेऊन आला आणि पुतणीच्या टेबलावर ठेवला. साक्षीदार झाल्यामुळे त्याला या पत्राने काही मिळू शकत नाही. त्याचे जे होते, ते त्याला फोनवर मिळाले.

साक्षीदार १: शिंपीकाका (सही)
साक्षीदार २: धाकटा भाऊ (सही, शेजारी त्याच्या अक्षरात: "जोड मात्र दादाचेच टिकले.")

ठिकाण: दुकानाची मागची खोली
तारीख: अकरा, शनिवार, पेटी गेल्यानंतर

डाव्या हाताचा अंगठा. मनगट धाकट्याने धरले होते.