कूलरातली लाल एस.टी.

कुरुंदा

चि. भिवाजीस थोरली बहीण मंजुळाबाईचा पोटभर आशीर्वाद. भावजय केशरबाईचे गुडघे कसे आहेत? तू औषध वेळेवर घेतोस का तीच आठवण करून देते? आमी सगळे खुशाल. मला अक्षर येत न्हाई, म्हणून मी बोलते अन् उत्तम लिहितो. गोष्ट त्याचीच आहे, तर त्यालाच बसवलं. (लिही रे, थांबू नको.)

तू मला उन्हाळ्यासाठी कूलर पाठवलास, लई उपकार झाले. त्याचा वारा मला एकच दिवस लागला. पण तो किती कामी आला ते ऐक.

माझा हा पोरगा एस.टी.तून रिटायर झाला तसा गप्पच झाला. तीस वर्षं स्टेअरिंग धरलेले हात मांडीवर ठेवून दारात बसायचा. जेवायला हाक मारली तरी उठायचा न्हाई. मग एक दिवस त्यानं फळकुटाची वीतभर एस.टी. केली. खिडक्या, चाकं, मागची शिडी, सगळं बराबर. (शिडी आताच्या गाड्यांना नसते म्हणतो. असू दे, लिही.) अंगणात ठेवून तिला लाल फवारा मारला. शेजारी नेमकं हळदीला पॉलिश चालू होतं, पिवळी धूळ उडत होती. ती धूळ ओल्या रंगावर बसली अन् एस.टी. लग्नाच्या नवरीसारखी पिवळी झाली.

आडोसा पाहिजे म्हणून त्याची नजर तुझ्या कूलरवर गेली. पत्र्याचा खोका रिकाम्या गोठ्यात खिडकीला लावला, आत गाडी ठेवली, अन् पंखा खिडकीत बसवला. कसा? तर कूलरचा बसवतात तसा, तोंड आत. फवारा मारला, तो वाऱ्यानं सगळा याच्याच तोंडावर आला. आठ दिवस मिशा लाल. (खोडू नको, मी नातसून कोमलकडून वाचून घेणार.)

वारंगा फाट्यावर सादिक मोटारसायकली रंगवतो, उत्तमच्या चहाच्या थांब्यावरची ओळख. तो आपलं दुकान सोडून आला, मिशा बघितल्या अन् म्हणाला, “काका, तुमचा पंखा तर तुमालाच रंगवून राहिला.” त्यानं पंख्याचं तोंड बाहेर फिरवलं, त्याच्यापुढं कूलरचं गवत लावलं म्हणजे रंग त्यात अडकतो, दाराला ओलं पोतं टांगलं म्हणजे धूळ येत न्हाई. नाकाला मास्क, बिडी दाराबाहेर. वर आपला जुना कॉम्प्रेसर अन् गन ठेवून गेला. मी चहा पाजला, हळद बांधून दिली. तरी त्याच्या उपकारापुढं मी काहीच केलं न्हाई असं वाटलं.

आता हा सकाळीच गोठ्यात जातो, शीळ घालतो. जेवायला हाक मारली तर अजूनही उठत न्हाई, “एक हात मारून येतो” म्हणतो. ते मला गोड लागतं. भिवाजी, तुला हात जोडते. तू कूलर पाठवलास, अन् माझं लेकरू मला परत मिळालं. (लिहिता लिहिता डोळ्यात थिनर गेलं म्हणतो. थिनर गोठ्यात आहे.)

तुझी अक्का

ता. क. – इथून पुढं नातसून कोमल लिहून राहिली. उत्तम रंग ढवळायला गेला. फोनवर बोलले तर सगळं घर ऐकतं. पाच गाड्या फळीवर उभ्या आहेत, एकही कुणी मागितली न्हाई. काल म्हणाला, “बस झाला हा पोरखेळ आई, खोका मोडून टाकतो.” तवा तू त्याला फोन कर अन् स्वतःसाठी एक एस.टी. माग. माझं नाव काढू नको.

आणखी एक. – गाडी आली की तिच्यात खोट काढ. लाल बराबर न्हाई म्हण, पुन्हा मारून दे म्हण. दुसऱ्यांदा आली की दुसरी खोट काढ. जन्मभर माझ्या सैपाकात काढत आलास, तुला जड जाणार न्हाई.