धातू पिणारं शेवाळ

१२ मार्च २०१९
वाळूजला पोचले! नाशिकहून येताना वाटेत एकही नदी वाहती दिसली नाही, तरी मी खुशीत आहे. पहिली नोकरी, आणि तीही माझ्या आवडत्या शेवाळाची. या कारखान्यात नळांवर क्रोमचा चकचकीत मुलामा चढवतात. मागे उरतं ते विषारी धातूंचं पिवळं पाणी. ते माझ्या टाक्यांत येणार, डोळ्यांना सुटं दिसतही नाही इतकं बारीक शेवाळ त्यातले धातू अंगात ओढून घेणार, आणि पाणी स्वच्छ होणार. मालक श्रीरंग सर स्वतः स्टँडवर घ्यायला आले. टाक्या सांभाळणारे हैदरभाई सिल्लोडचे. त्यांनी डब्यातली मक्याची भाकर अर्धी मला दिली.

२ एप्रिल
शेवाळ जोमानं वाढतंय. टाकी पालकाच्या पातळ भाजीसारखी दाट दिसते. कुंपणापलीकडे चतुराबाईचं घर आणि विहीर. तिची लेक सत्यभामा बाळंतपणाला माहेरी आलीय. टँकरचा पत्ता नाही. चतुराबाईनं विहिरीची कळशी आणून दाखवली, पाणी पिवळसर. म्हणाली, "ताई, तुमच्या हिरव्याला हे बी पाजा की. लई गुणाचं हाय म्हंता." मी हसून ओतू दिलं.

१९ एप्रिल
माझ्या टाक्यांत येतं ते नुसतं पाहुण्यांना दाखवण्यापुरतं. बाकीचं सगळं पिवळं पाणी सर मागच्या कोरड्या बोअरमध्ये सोडतात, आणि तिथून ते चतुराबाईच्या विहिरीत झिरपतं. आज स्वतः पाहिलं. सरांना विचारलं तर शांतपणे म्हणाले, की शहर वाढतंय, प्रत्येक नव्या फ्लॅटला नळ लागतात, आणि माझी नवी प्रयोगशाळाही त्या नळांतूनच उभी राहणार आहे.
मी परत टाक्यांवर कामाला लागले.

२३ एप्रिल
मुंबईहून मोठे पाहुणे आले होते. सरांनी त्यांच्यासमोर चतुराबाईला बोलावलं, शेजाऱ्यांचंही भलं होतंय हे दाखवायला. तिनं सरांकडं पाहिलंही नाही. मलाच विचारलं, पोरीला विहिरीचं पाणी देऊ का, दुसरं नाय घरात. सर माझ्याकडं बघत होते. मी म्हणाले, "द्या. आता स्वच्छ झालंय."
पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या.

११ मे
सत्यभामा गेली. पोटातल्या बाळासकट.

१२ मे
चतुराबाई भर दुपारी आली. रडली नाही. कळशी टाकीत रिकामी केली, कोपरापर्यंत हात शेवाळात बुडवले आणि म्हणाली, "ज्यानं ज्यानं पाजलं, त्याच्या अंगात जाऊन बस. एकालाबी सोडू नको."
मी तिथंच उभी होते. तिनं माझ्याकडं वळून पाहिलं नाही.
संध्याकाळी तिनं विहिरीत उडी घेतली.

१५ मे
टाक्या नितळ. तळ दिसतोय. शेवाळ गेलं, आणि कुणीच काढलेलं नाही. हैदरभाई कुजबुजले, "मॅडम, वो खुद निकल गया." टाकीपासून सरांच्या बंगल्यापर्यंत ओलीचा पट्टा आहे. या उन्हात.

१७ मे
सर मेले. न्हाणीघरात. बंगल्याचा नळ आठवडाभर कोरडा, तरी बुडून मेले. नाक, तोंड हिरव्यानं गच्च. उचलायला गेलेली माणसं घामाघूम झाली — माणूस नाही, ओतीव लोखंड.
मला बरं वाटलं. हो, बरंच वाटलं. दिवसभर मनात म्हणत होते, भोग आता.
मग आठवलं. ती ‘ज्यानं ज्यानं’ म्हणाली होती.

१९ मे
जिभेवर तांब्याची चव. नखांखाली हिरवं. घासलं, रक्त येईपर्यंत घासलं — तेही लाल नाही —
हैदरभाईंना सगळं सांगितलं. ते म्हणाले, पोलिसांत चला, सकाळी गाडी आणतो. जाईन. बोअरचं सांगेन, माझंही सांगेन.

२० मे
हैदरभाई दार वाजवतायत. ओरडतायत. उठता येत नाही. अंग — खाट खाली वाकलीय. बोटं नीट वळत
दाराखालून पाणी आत येतंय. हिरवं नाही. स्वच्छ. गार.
आणि मला इतकी तहान —