साडेसात टनांच्या वर

४ जानेवारी

साडूने ट्रक घेतला! दातांचा डॉक्टर! अख्खं आयुष्य दुसऱ्यांच्या जबड्यात वाकून काढलं, आता याला ट्रक हवा. आत पलंग, शेगडी, मोरी बसवणार. चाकांवरचं घर म्हणे. मी सव्वीस वर्षं सिमेंट ओढलं, एक ट्रक माझ्या नावावर झाला नाही. निवृत्त झालो त्या दिवशी किल्ली मॅनेजरच्या टेबलावर ठेवली, तर त्याने मान वर करून बघितलंसुद्धा नाही.

बघून आलो. इंजिन झकास आहे. हे तिथे बोललो नाही.

११ जानेवारी

ही रोज दुपारी तिकडे. "बहिणीकडे पडदे शिवतेय हो, ट्रकचे." खिडक्या चार. चार खिडक्यांना असे किती पडदे लागतात?

१९ जानेवारी

जेवताना साडूपुराण. भावजींना हे सुचलं, भावजींनी ते केलं. माझ्या केबिनमध्ये ही एकदाही बसली नाही – कंपनीचा नियम, बाहेरचं माणूस घ्यायचं नाही. मी कधी मोडला नाही. मोडायला हवा होता.

जळतोय मी. इथे लिहायला कसली लाज!

२६ जानेवारी

साडूला सहज विचारलं, लायसन्स कुठलं? हसला. "साधंच हो दादा, कारचं. मला कुठे भाडं मारायचंय? घरच्या वापराला चालतं."

"बरं," म्हणालो. तो आत गेल्यावर केबिनचं दार उघडून पट्टी वाचली. एकूण वजन अकरा टन! साडेसातच्या वर हेवी लायसन्स लागतं – आत सिमेंट असो नाहीतर उशा. आमच्या धंद्यात शेंबडं पोरही सांगेल. मी नाही सांगितलं. जेवण दोन घास जास्त गेलं.

२ मार्च

हिच्या तळहाताला फोड. म्हणे कात्रीने आले. पदराला ग्रीस! तेही कात्रीनेच का? विचारलं नाही. उत्तराची भीती वाटली.

१७ मार्च

काही नाही. ती हसत घरी आली. एवढंच.

१६ एप्रिल

रविवारी पहिली सफर ठरली. आज लायसन्स ऑफिसात गेलो. खिडकीतल्या कारकुनाला म्हणालो, सहज विचारतोय, ट्रक स्वतःसाठीच वापरला, भाडं घेतलं नाही, तर?

"काका, गाडी कशासाठी काढली ते आम्ही बघत नाही. वजन बघतो." मग पेन उचललं. "कुणाची गाडी?"

नंबर पाठच होता. दिला. कधी निघणार, कुठून जाणार – तेही सांगितलं. सकाळी आठला, पुलावरून.

बाहेर पायरीवर बसलो. मनाला समजावलं, साडूच्या जिवासाठीच केलं. अकरा टन उतारावर कारसारखे थांबत नाहीत, हे खरंच आहे. पण मी त्यासाठी गेलो नव्हतो. तसं असतं तर जानेवारीतच साडूला सांगितलं असतं. शिवाय शेजारच्या सीटवर ही असणार, हे मला आत्ता सुचतंय!

१८ एप्रिल

अजून सांगता येईल. साडूला दोनदा फोन लावला. दुसऱ्यांदा त्याने उचलला, तर मागून हिचा आणि बहिणीचा हसण्याचा आवाज आला. ठेवला.

१९ एप्रिल, सकाळ

ही नवीन साडी नेसून दारात उभी. "चला ना तुम्हीही." म्हणालो, गुडघा दुखतोय. "आजच दुखायचा होता?" वाटलं, आता सांगावं. जिभेवर आलं होतं. तेवढ्यात खाली साडूच्या कारचा हॉर्न वाजला आणि ती लगबगीने गेली.

१९ एप्रिल, संध्याकाळ

पुलाजवळ अडवलंच. साडू बाजूच्या सीटवर होता. चालवत ही होती! हेवी लायसन्स, पंधरा दिवसांपूर्वीचं, हिच्या नावाचं. मेव्हणीने फोनवर सगळं सांगितलं – नियम साडूला हिनेच समजावला होता, दोन महिने मोटार स्कूलला जात होती, आणि आज मला शेजारी बसवून चकित करायचं होतं.

आत्ता घरी आली. म्हणाली, "कुणीतरी नंबर कळवला होता म्हणे."

मी म्हणालो, "मी."

"वाटलंच," म्हणाली, आणि मला दाखवायला काढलेलं लायसन्स परत पर्समध्ये ठेवलं.